व्यवसाय: इतर (लोकांना त्यांच्या कामाबद्दल विचारायचं कसं?)

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत पीककर्जाचं बघतो. अकरा वर्षं झाली, सगळी लातूर-नांदेड पट्ट्यात. आमच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना असतो. त्यात शेती, मजुरी, नोकरी, नाहीतर 'इतर'. एकदा मार्चएंडला रात्री बसून जुने फॉर्म लावत होतो, तेव्हा लक्षात आलं की ह्या 'इतर'मध्ये मी काय काय कोंबलंय! गोंधळी, घोंगडी विणणारा, डाळमिलमध्ये निवडायला जाणाऱ्या बायका, बैलांना नाल मारणारा, जनावरांचा हेडी, म्हणजे खरेदी-विक्रीतला दलाल. सगळे इतर. म्हणून दोन वर्षांपूर्वी एक वही घातली. सुट्टीच्या दिवशी जायचं, एकाला गाठायचं, काम विचारायचं, लिहून घ्यायचं. छापायचं वगैरे काही डोक्यात नाही.

पहिलाच माणूस हेडी. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार, उदगीर तालुका. मी वही उघडून शहाण्यासारखं विचारलं, "आप्पा, ह्या धंद्यात तुम्हाला समाधान कशात मिळतं?"

आप्पांनी आधी वहीकडं बघितलं, मग माझ्या बुटाकडं. "समाधान काय मिळायचंय सायेब. पोट भरूलालंय."

संपली मुलाखत. दोन वाक्यं. मला तर घामच फुटला. आता उठावं कसं, म्हणून उगीच समोरच्या गोऱ्ह्याकडं बोट करून म्हणालो, "हा शेवरा का हो?"

आप्पा उसळलेच. "शेवरा? डोळे हायेत का गुंड्या? ह्याच्या अंगावर ठिपका दाव मला एक!" आणि पुढचा दीड तास मला वहीचं पान उलटायला फुरसत मिळाली नाही. देवणी जातीच्या जनावरात रंगाचे तीन प्रकार. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळं, तो वाणेरा. पांढऱ्यावर काळे ठिपके-धब्बे विखुरलेले, तो शेवरा. नुसता पांढराशुभ्र, तो बालंक्या. (समोरचा वाणेरा होता. आता मला झोपेतही ओळखू येतो.) लाल कंधारी जातीत ही भानगडच नाही, सगळं अंग एका लाल रंगाचं. मग आप्पांनी गोऱ्ह्याचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून दात दाखवले. दुधाचे दात असतील तर आदत, मधली जोडी पडून नवी आली की दोन दाती, पुढं चार दाती, सहा दाती, सगळे सारखे झाले की जुळलेला. "मालक वय सांगताना खोटं बोलतो, बैल बोलत नाही," असं म्हणून त्यांनी बोटं धोतराला पुसली.

आणि मग रुमाल. खांद्यावरचा रुमाल त्यांनी माझ्या मनगटावर टाकला, खालून माझा हात धरला आणि तीन बोटं दाबली. "किती?" तीन. "तीन काय?" मला कळेना. शेकडा की हजार ते तोंडानं हळूच सांगायचं, आकडा बोटांनी. आख्खा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण भाव दोन हातांनाच ठाऊक. मी विचारलं, लपवायचं कशाला? तर म्हणाले, एकाचा भाव चव्हाट्यावर आला की मागच्या गिऱ्हाईकाचा मोडतो. "आन् दुसरं म्हंजे, एखाद्यानं लई कमी मागितलं तर चार माणसांत मालकाचं तोंड पडूने." आता पोरं मोबाइलवर आकडा टाइप करून रुमालाखाली दाखवतात म्हणे. आप्पांना त्याचा फार राग. "मग रुमाल कशाला पायजे? खिशातच दाखव की."

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. काय वाटतं, आवडतं का, असलं विचारायचं नाही. हत्याराचं नाव विचारायचं, माप विचारायचं. आणि जमलं तर एखादं नाव मुद्दाम चुकवायचं. चुकीचं नाव ऐकून घेणारा कारागीर मला अजून भेटला नाही.

तुमच्यापैकी कुणी असं कुणाला विचारलंय का? स्वतःचंच काम सांगितलं तरी चालेल.

रानजाई

वाचतेय.

कडबाकुट्टी

माझी मुलाखत घ्या. काम: बसणे. ठिकाण: परभणी. जगात जर्मनी, भारतात परभणी. आता विचारा हत्याराचं नाव.

गोदाकाठचा

@कडबाकुट्टी, खुर्ची.

शेवटचीगाडी

धागा आवडला. मी एसटीत वाहक आहे, एकवीस वर्षं. आम्हाला लोक दोनच गोष्टी विचारतात. 'गाडी कधी लागणार' आणि 'सुट्टे नाहीत का'.

तुम्ही हत्यार म्हणालात म्हणून सांगतो. आमची पेटी असायची तिकिटांची. एकेक दराच्या गड्ड्या, त्या खाचेत लावलेल्या, आणि पंच. अंगठ्यानं तिकीट वर सरकवायचं, फाडायचं, टक्क करून भोक पाडायचं. खड्ड्यातून गाडी चाललेली, डावी मांडी सीटला टेकवलेली, दोन्ही हात कामात. नंतर मशीन आलं. पण मला अजून कधी कधी मशीनवर अंगठा सरकवल्यासारखा होतो. बायको म्हणते, झोपेत पण करता.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याबद्दल पेपरात आलं ते उत्पन्न किती आणि गर्दी किती. मी सांगतो मी काय बघितलं. आधी जोडपं चढलं की नवरा खिशात हात घालायचा, 'दोन द्या'. बाई खिडकीकडं बघणार. आता तीच कनवटीचं काढून म्हणते, 'माझं अर्धं द्या'. आणि कुठं उतरायचंय ते पण तीच सांगते. एवढाच फरक, पण दिवसातून पाच-पन्नास वेळा दिसतो. सुट्ट्यांचा घोळ मात्र वाढला, ते आम्हाला भोगायचंय.

मुक्कामी गाडीवर लिहा कुणीतरी. शेवटची फेरी घेऊन खेड्यात जायचं, तिथंच झोपायचं आणि पहाटे पहिली गाडी घेऊन निघायचं. डास, लघवीची सोय, रात्री एकाचं पोर आजारी पडलं की ड्रायव्हरला हाक. ह्यातलं वेबिलवर, म्हणजे आमच्या हिशेबाच्या कागदावर, काही उमटत नाही.

सुईदोरा

गोदाकाठचा, तुमची युक्ती माझ्यावरच उलटली होती. पैठणला पैठणी विणणाऱ्या एका मामांकडे गेले होते. पदरातल्या मोराकडे बघून मी आपलं म्हणाले, "किती बारीक भरतकाम!" मामा पाय खड्ड्यात सोडून मागाशी बसलेले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ताई, सुई दिसली का तुम्हाला कुठं?"

मग त्यांनी तोटे दाखवले. एकेका रंगाचा रेशीमधागा गुंडाळलेल्या छोट्या छोट्या कांड्या. मोराच्या मानेचा निळा संपतो तिथे हिरव्याचा तोटा घ्यायचा, दोन धागे एकमेकांत अडकवायचे, पुढे जायचं. आडवा धागा नेणारा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत पळवायची सोयच नाही, रंग बदलेल तिथे थांबायचं. म्हणून खरी पैठणी उलटी केली तरी नक्षी तशीच दिसते. मागे लोंबणारे धागे दिसले तर काय समजायचं ते समजा.

मी विचारलं, पदराला किती दिवस? ते म्हणाले, "डोळे बरे असले तर." आकडा काही दिला नाही.

बालाघाट

जरा कडू बोलतो, राग मानू नका.

मी बीड जिल्ह्यातला. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून आमच्याकडं मुलाखती घेणारांची रांग लागलीय. पत्रकार, संस्थावाले, पीएचडीवाले. एकेका बाईनं तेच दुःख पंधरा जणांना सांगितलंय. फोटो गेले, नावं गेली. तुमचा हेतू चांगला असेल, पण मजुराचे दोन तास घेतले की त्याचा रोज बुडतो. चहा पाजून फिटत नाही ते. आणि 'नाव मुद्दाम चुकवायचं' ही युक्ती म्हणून ठीक, पण समोरच्याला गंडवून बोलतं करणं मला तरी पटत नाही.

गोदाकाठचा

बालाघाट, रोज बुडतो हे खरंय. म्हणूनच मी बाजार उठल्यावर, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत बसतो. पण तेवढ्यानं तुमच्या बोलण्याला उत्तर होत नाही. फोटो मी काढत नाही, वहीत नाव लिहीत नाही, आणि उठताना लिहिलेलं वाचून दाखवतो. दोघांनी पानं फाडायला लावली, फाडली.

चुकवायच्या युक्तीबद्दल विचार करतो. हंडरगुळीत मी खरोखरच चुकलो होतो. नंतर नंतर ते नाटक झालं, हे कबूल.

रानजाई

वर 'वाचतेय' लिहून गप्प होते. आता लिहितेच.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. मी सध्या एका सरकारी दवाखान्यात नर्स आहे. शिकत असताना आम्हाला गृहपाठ होता, घरातल्या एका बाईची तिच्या कामाबद्दल मुलाखत घ्या. मी आईला विचारलं, तू काय काम करतेस? आई म्हणाली, "मी काय काम करते? तुझे अण्णा ऊस तोडतात, मी असते संगं."

संगं असते! दसऱ्या-दिवाळीला गाव सोडायचं ते उन्हाळ्यापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. म्हणजे हिशेबातसुद्धा आई अर्ध्या कोयत्याएवढी आहे, पण तिच्या तोंडी 'काम' हा शब्द अण्णांसाठीच राखून ठेवलेला. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अण्णांच्या हातात, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं सही अण्णांची.

मग मी धाग्यातल्यासारखंच केलं, अर्थात तेव्हा मला काही पद्धत-बिद्धत माहीत नव्हती. विचारलं, मोळी कशानं बांधतेस? म्हणे, वाढ्यानं (उसाच्या हिरव्या शेंड्यानं), दोरी कोण देतंय? दोन वाढी घेऊन शेंड्याला शेंडा पिळायचा, मोळीखालून घालायचा, गुडघा देऊन आवळायचं. तिनं माझ्या ओढणीवर करून दाखवलं. चुंबळ कशाची? जुन्या लुगड्याची, पण थंडीत दवानं ओली झाली की मान धरते. गाडीत चढवताना? फळी लावलेली असते, मोळी डोक्यावर घेऊन तिच्यावरून चढायचं. पहाटे चिखल झाला की फळीला राख लावायची. "राख कुठून आणतेस?" "चुलीतली. ती पण मीच नेते की."

ह्या प्रश्नावर ती थांबली आणि तिनंच मोजायला सुरुवात केली. मध्यरात्रीनंतर कधीतरी उठून भाकरी. मग फड. तोडलेल्या उसाचं पाचट काढणं, गोळा करणं, मोळ्या, गाडी भरणं. गाडी कारखान्याला गेली की कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, येऊन पाणी, सरपण, पोरं. उरलेली वाढी विकणं. शेवटी म्हणाली, "आगं माय, लईच करते की मी."

बालाघाट, तुमचं मला पटतं. आमच्या कोपीवर पण आले होते लोक. त्यांनी आईला पिशवीबद्दल विचारलं, व्याजाबद्दल विचारलं, रडवलं. ते विचारायलाच हवं होतं, नाही म्हणत नाही. पण खाडा झाला की मुकादम किती कापतो, काट्यावरची वजनाची पावती तू कधी डोळ्यांनी बघितलीस का, हे कुणीच विचारलं नाही. तिनं एकदाही बघितली नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्के वाढवायचं ठरलं, पण टनाचा दर कितीही वाढवा, टन किती झाले ते ज्याच्या हातात पावती त्यालाच कळणार.

मुलाखत मी लिहिली तेव्हा बाईंनी शेरा दिला होता, 'प्रश्न फार किरकोळ आहेत'. दहापैकी सहा मार्क.

बालाघाट

रानजाई, हात जोडतो. काट्याच्या पावतीचं मी गावात राहून कधी विचारलं नाही.

कडबाकुट्टी

बाईंना सांगा, परभणीहून दहापैकी दहा आलेत.

नुक्ता

मैं भी कुछ अर्ज करतो, मराठी-उर्दू मिसळलं तर माफी. मी उर्दू शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक.

२०२३ च्या शेवटी शेवटी आपल्याकडे कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, न्यायमूर्ती शिंदे समितीचं. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, काही मोडी लिपीत. मला बोलावणं आलं, वाचायला चला. टीव्हीवाले दारात उभे. प्रश्न एकच, "चाचा, सापडला का?" सापडला किंवा नाही, दोनच उत्तरं. कसं वाचता हे एकानंही विचारलं नाही, म्हणून आज इथे सांगतो, तुम्ही लोक असलंच विचारता म्हणून.

जुने कारकून शिकस्ता लिहीत, घसरतं लिखाण. अक्षरं एकमेकांना ओढून घेतात आणि नुक्ते, म्हणजे ठिपके, गायब. आता 'कुणबी' लिहायला काफ, नून, बे, ये ही अक्षरं. नून आणि बे शब्दाच्या मध्ये आले की दोघांचा नुसता एक एक दात उरतो. ठिपका वर असेल तर नून, खाली असेल तर बे. ठिपकेच दिले नसतील तर? दोन दात आहेत, कोणते ते वरचा-खालचा मजकूर बघून ठरवा. त्याच कारकुनानं दुसरीकडे तोच शब्द कसा ओढलाय ते शोधा. एकेका कारकुनाचा हात ओळखीचा व्हायला दोन-तीन दिवस लागायचे. मग तो माणूस शेजारी बसल्यासारखा वाटायचा, आज घाईत आहे, आज बोरू नवा आहे.

साल फसली, म्हणजे निजामाच्या कागदांवरची कालगणना. त्यात ५९० मिळवा, इसवी येईल. १३४४ फसली म्हणजे १९३४ च्या सुमाराचं. वर्षाचा पहिला महिना आजूर. हे पोरांना कुठून ठाऊक असणार, ते १३४४ बघून शिवाजी महाराजांच्या आधीचा कागद समजत होते.

शंका असेल तिथे मी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करत होतो. एक तरुण म्हणाला, चाचा, प्रश्नचिन्ह कशाला, लिहून टाका ना. मी म्हणालो, बेटा, मला वाचायला बोलावलंय.

गोदाकाठचा

नुक्तासाहेब, हा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतोय, परवानगी असेल तर.

नुक्ता

इजाजत आहे. ठिपके नीट द्या.

नळकोंडाळं

लातूरहून. आमच्या गल्लीच्या वॉलमनवर मी थोडं लिहून ठेवलं होतं. नगरपालिका असल्यापासून तेच पाणी सोडतात. गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये त्यांचा नंबर आहे, 'पाणीवाले' म्हणून. नाव मला परवा विचारल्यावर कळलं.

टी-आकाराची लांब लोखंडी चावी, ती खड्ड्यातल्या वॉलवर बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. त्यांच्या डोक्यात आख्खं शहर आट्यांत आहे. अमुक कॉलनी इतके आटे, तमुक चौक तितके. कुठं लिहिलेलं नाही. खालच्या गल्लीचा वॉल अर्धा दाबल्याशिवाय वरच्या गल्लीला पाणी चढत नाही, आणि दाबला की खालचे फोन करून शिव्या देतात. म्हणजे रोज कुणाच्या तरी शिव्या ठरलेल्या, आज कुणाच्या खायच्या एवढंच त्यांच्या हातात.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरणात काही उरलंच नव्हतं. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, तुम्ही तेव्हा कुठं होतात? म्हणाले, घरी. पाणीच नव्हतं तर वॉल कसला फिरवू? पहिल्यांदा सलग इतके दिवस रिकामा बसलो. आणि मग म्हणाले, त्या दिवसांत फोन वाजला नाही एकाचा.

सुईदोरा

बाई गं. फोन वाजला नाही.

हळद्या

सगळे प्रतिसाद आज एका दमात वाचले. आमच्याकडं वसमत भागात सध्या हळद शिजवायचं चालू आहे, म्हणून उशीर.

पूर्वी कढईत शिजवायचो, आता वाफेचा कुकर भाड्यानं येतो. भाड्याचा कुकर म्हणजे आपला नंबर लागेल तेव्हा, रात्री दोनला लागला तर दोनला. शिजली का हे घड्याळ बघून कळत नाही. आमचे तात्या एक हळकुंड उचलतात, फुंकर मारत, आणि तुराटीची काडी टोचतात. आरपार गेली की उतरवा म्हणतात. कच्ची राहिली तर वाळल्यावर रंग येत नाही, जास्त झाली तर मऊ पडून वजन जातं. त्यानंतर पंधरा दिवस ऊन, मग ढोलात घालून पॉलिश. पाच क्विंटल ओली टाकली तर एक क्विंटलच्या आसपास वाळलेली हातात. व्यापारी फक्त शेवटचा क्विंटल बघतो.

गोदाकाठचा, तुमच्या फॉर्मवर आम्ही 'शेती'त बसतो, 'इतर'मध्ये नाही. तरी चालत असेल तर रविवारी या. आमचा नंबर शनिवारी रात्री आहे, सकाळपर्यंत चालेल. वही आणा, पण पांढरा शर्ट घालू नका. बालाघाटांनी रोजाचं काढलं म्हणून आधीच सांगतो, आम्ही बोलत बसणार नाही, तुम्हालाच घमेलं धरावं लागेल.

गोदाकाठचा

येतो. घमेलं धरतो. उदगीरहून निघालो तर वसमतला कसं पोचायचं?

शेवटचीगाडी

नांदेडला या. तिथून परभणीकडं जाणाऱ्या एसटी वसमतवरून जातात. रात्री उशीर करू नका, गाड्या कमी होतात.

आणि सुट्टे घेऊन बसा.